यंदाचे चांगले-वाईट सिनेमे, माझ्या हिशेबानं

२०२५ ची यादी तयारच होती. चुपचाप टाकून मोकळी झाली असती. पण आज दुपारी शेजारी पोरगी पाहायला पाहुणे आले आणि माझं डोकं फिरलं.

दोन गाड्या भरून माणसं, त्यात एक बाई नाही. मला पोहे करायला बोलावलं होतं, म्हणून मी ट्रे धरून दारात उभी. पोरगी पाटावर, मान खाली. एकानं उंची विचारली. तिनं सांगितली. तिचं सांगून होते न होते तोच हा शहाणा बाजूच्याला म्हणतो, "धुरंधर पाह्यला का बे? यंदाचा एक नंबर पिक्चर हाय!" मग प्लेटा रिकाम्या होईपर्यंत अक्षय खन्नाचा नाच, अक्षय खन्नाचा गॉगल. पोरगी तिथंच बसून. तिला 'जा बाई आत' म्हणायचंही कोणाला सुचलं नाही.

तर ऐका भाऊ. यंदाचा एक नंबर पिक्चर 'स्थळ' आहे. दोन नंबर, तीन नंबर तुम्हाला पाहिजे तो घ्या.

जयंत दिगंबर सोमलकरांचा हा सिनेमा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात झाला. त्यातली माणसं गावातलीच, बोली आपली, पोरीचा बाप कापूसवाला. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आपल्याकडे लागायला ७ मार्च २०२५ उजाडला. आणि टोरांटोहून आमच्या तालुक्यापर्यंत तो अजूनही पोचलेला नाही. टॉकीजवर विचारलं तर उत्तर आलं, "ताई, छावा सुरू हाय, त्याले कसं काढू?" बरोबर आहे, त्याचंही पोट आहे. पण राग यायचा तो आलाच.

मग आईला घेतलं आणि एसटीच्या अर्ध्या तिकिटात नागपूर गाठलं. थेटरात मोजून दहा-बारा डोकी. सिनेमा सुरूच होतो तो एका स्वप्नानं, त्यात पोराला समोर बसवून बाया प्रश्न विचारतात. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग खरा कार्यक्रम सुरू झाला. सिनेमातली पोरगी सविता पाटावर, समोर बुढे-जवान, आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. तिसऱ्या-चौथ्या पाहुण्यांना आई माझ्या शेजारून उत्तर देऊ लागली. "पाच फूट." मी म्हटलं, चूप बस ना. तर मला कोपरानं ढोसून म्हणते, "तुह्या टायमाले म्या दोन इंच वाढून सांगतले होते."

"मले कायले नाई सांगतलं?"

"तू त खाली वाकून बसली होती. कोनाले दिसनार होतं?"

सांगा, कोणत्या पिक्चरनं यंदा तुमच्या आईकडून असं काही काढलं?

'सिकंदर'नं काढलं? ईदला हौसेनं पाहिला मी. गोष्टीत हिरोच्या बायकोला मरू द्यायचं, तिचे अवयव तिघांना द्यायचे, आणि मग हिरोनं त्या तिघांना वाचवत फिरायचं. हिरोच चालता-बोलता झोपल्यासारखा दिसते. यंदाचा सगळ्यात वाईट हाच. त्याच्या खालोखाल 'हाउसफुल ५', ज्याचे दोन शेवट काढले, एका थेटरात एक खुनी, दुसऱ्यात दुसरा. एक शेवट धड जमत नाही म्हणून दोन विकले राजेहो! 'वॉर २' चं मला आता एवढंच आठवते की हृतिक आणि एनटीआर सारखे कशावरून तरी उड्या मारत होते.

'छावा'वर लिहिलं की अंगावर येतात लोक. विकी कौशलनं जीव ओतला, ठीक. शेवटी मीही रडली. पण गाणी आणि मागचं संगीत त्या काळातलं वाटतच नाही, मग तो रहमान का असेना. बस, याच्यापुढे बोलत नाही.

आणि हो, 'धुरंधर'. साडेतीन तास हललो नाही जागचे, कबूल. अक्षय खन्ना खतरनाक, तेही कबूल. पण म्हणून पाटावरच्या पोरीसमोर?

ते दोन इंच माझ्या डोक्यातून जातच नाहीत. आई खोटं बोलणारी बाई नाही. कापसाच्या मापात पावभर इकडे-तिकडे झालं तर व्यापाऱ्याशी भांडणारी बाई आहे ती. तिला पोरीचं माप वाढवून सांगावं लागलं. यंदा ऑगस्टात सरकारनं बाहेरच्या देशातून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ केलं, आपल्या कापसाचा भाव पडायची धास्ती बसली, तेव्हा घराघरात पहिला हिशेब कशाचा झाला? पोरीच्या लग्नाचा. 'स्थळ'मधला बाप हाच हिशेब करते. आपल्या कापसाबद्दल असं बोलणारा दुसरा पिक्चर मला दाखवा, मी यादी बदलते.

चांगले अजूनही आहेत, राग शांत करून सांगते. 'दशावतार'. एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर त्या अंगानं, त्या डोळ्यांनी काय करतात! मधात थोडा ताणला आहे. कोकणाचं नशीब, त्यांच्या मातीचा पिक्चर आमच्या टॉकीजलाही लागला. 'आता थांबायचं नाय'मध्ये मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी देतात. मी पाहून आली आणि आईला म्हटलं, तूही फॉर्म भर. ती म्हणे, "आधी तूर निघू दे."

'होमबाउंड' मोबाईलवर पाहिला, नीरज घायवानचा. दोन दोस्त पोलीस भरतीच्या मागं लागलेले. आमच्या गावचे पोट्टे पहाटे डांबरीवर पळतात ना, छातीला नंबर चिकटायची वाट पाहत, अगदी तेच. बारके पाय, फाटके बूट. मी तो एका बैठकीत पूर्ण करू शकली नाही, मधात उठून अंगणात जाऊन आली.

शेजारची पोरगी संध्याकाळी घरी आली होती. पाहुण्यांचा निरोप आला नव्हता. मी तिला म्हटलं, एक पिक्चर आहे, आपण जाऊ पाहायला कुठं लागला तर. तिनं विचारलं, "अक्षय खन्ना हाय का त्यात?" आम्ही दोघी हसत सुटलो.

बरं, सकाळी सातला तूर सोंगायला बाया येतात. कमेंटची उत्तरं उद्या रात्री देईन. धुरंधरवाल्यांनी तोवर आपसात भांडून घ्या.