शरदातलं श्रमदान

स्वयंसेवक हवेत, असं आवाहन सोसायटीच्या ग्रुपवर आलं तेव्हा सोबत मेपलच्या लालभडक पानांचा फोटो होता. पुण्यात शरद ऋतूत पानं लाल होत नाहीत, माणसं होतात. आपली पानगळ फेब्रुवारी-मार्चातली. ऑक्टोबरात गळतो तो घाम. तरीही रविवारी सकाळी टोपी, हातमोजे असा जामानिमा करून मी वनस्पती उद्यानाच्या फाटकाशी हजर झालो.

कल्पना अशी होती की कुणीतरी एखादं दुर्मीळ रोपटं दाखवेल, आपण झारीने त्याला पाणी घालू आणि फोटो निघेल. आमच्या म्होरक्या मॅडमनी (निवृत्त प्राध्यापिका, शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी त्यांना अजूनही लांबून ओळखू येतो) माझ्या हातात खुरपं दिलं आणि बोट दाखवलं. गाजरगवत. कमरेएवढं, फुलावर आलेलं.

भारतात त्याची ठळक नोंद झाली ती पुण्यातच, १९५५च्या सुमाराला. परदेशी गव्हातून आलं म्हणतात. आज ते देशभर आहे. पुण्यातून निघून देशभर पोचलेली आणि तरीही पुणेकर जिचं श्रेय घेत नाहीत अशी ही एकमेव गोष्ट असावी. एकेका झाडाला हजारोंनी बिया. ते खाणारा भुंगेरा मेक्सिकोतून मुद्दाम आणवलाय, पण तो पावसाळाभर पानं खातो आणि पाऊस सरला की जमिनीत शिरून झोपी जातो. तो झोपला की आम्हाला बोलावतात.

गाजरगवतापलीकडे घाणेरी. ही तर शोभेचं झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थेट कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणवलेली. एका उद्यानाने हौसेने लावलं, ते दोनशे वर्षांनी दुसऱ्या उद्यानात आम्ही हौसेने उपटतोय. मधल्या काळात ती इंग्रजांपेक्षा जास्त आत घुसली आणि गेलीही नाही.

वाकून वाकून कंबर धरली की पाट्या रंगवायचं काम मागून घ्यायचं. सावलीत बसता येतं. पण तिथेही शांतता नाही. बाभळीच्या पाटीवर शास्त्रीय नाव घालायचं तर आमच्यातल्या एका काकांचं म्हणणं ‘अकेशिया’ लिहा, मॅडमचं म्हणणं ‘व्हॅचेलिया’. अकेशिया हे नाव २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, हे काकांना अजून मान्य नाही. ‘आमच्या शेताच्या बांधावर आहे ती अकेशियाच!’ वाद मिटेपर्यंत रंग वाळला. बाभळीच्या पाटीवर सध्या नुसतं ‘बाभूळ’ आहे.

उद्यानातलं सगळ्यात दुःखी झाड मात्र इन्सुलिनचं. त्याच्या पानांनी साखर उतरते अशी ख्याती. त्यामुळे सकाळी फिरायला येणारी मंडळी एकेक पान तोडतात आणि चघळत पुढे जातात. पुढे म्हणजे फाटकाबाहेरच्या जिलबीच्या गाडीकडे. ऑक्टोबरात त्याला छान पालवी असायला हवी. आमच्याकडे नुसते दांडे उभे. जाळी लावली, तर जाळीतून हात जातो. शेवटी ‘इन्सुलिनच्या झाडाची पानं तोडू नयेत’ अशी ठळक पाटी लावली. तोवर ते कुठलं झाड आहे हे जाणकारांनाच ठाऊक होतं. आता सगळ्यांना कळलं.

खरं तर बागेत येणाऱ्या माणसाला झाडाचं नाव नको असतं, कूळ नको असतं. त्याला हवा असतो रोग. ‘हे कशावर?’ गोरखचिंचेखाली उभं राहून, तिच्या त्या अवाढव्य बुंध्याकडे पाहून एका काकूंनी विचारलं होतं, ‘गुडघ्यांना चालतं का हो?’

परवा आम्ही उपटलेल्या गाजरगवताचा ढीग रचून घाम पुसत होतो. मोज्यांत कुसळं रुतलेली, हातांना पुरळ. एक आजोबा थांबले. ढिगाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. इतकी शिकलेली माणसं इतकं जपून गोळा करतायत म्हणजे काहीतरी असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. त्यांनी खिशातून कापडी पिशवी काढली.

‘कशावर हे?’

‘आजोबा, हात नका लावू,’ मी म्हणालो. ‘अंगाला खाज सुटते याने. दमा होतो.’

‘ते राहू दे,’ आजोबा पिशवी उघडत म्हणाले. ‘शुगरला कसं आहे?’