‘काही करत नाही तो’ म्हणणाऱ्या कुत्रेवाल्यांसाठी

खान्देशात कुत्रा पाळलेल्या घराचं फाटक वाजलं की आतून ठरलेली आरोळी येते: "काही करस नही तो! या, बठा." आरोळी पोहोचेपर्यंत कुत्र्याचे पुढचे दोन्ही पाय पाहुण्याच्या छातीवर पोहोचलेले असतात. त्यात लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पांढऱ्या धोतरातले नाना असतील तर विचारूच नका. आणि घरमालक कौतुकाने हसत उभा! म्हणे, प्रेम आहे त्याचं. असेल हो. पण नाना पत्रिका द्यायला आले होते, प्रेम घ्यायला नाही.

मी स्वतः कुत्रेवाली आहे, म्हणून जरा स्पष्ट बोलते. आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर २५ ते ३६ किलोचा असतो. एवढं वजन धावत येऊन अंगावर आदळलं तर म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडू शकतं आणि लहान पोर तर सरळ पाठीवर पडतं. तेव्हा ‘काही करत नाही’ हे खरं नाही. चावत नाही, इतकंच खरं.

मग उड्या का मारतो? आमच्या गल्लीत यावर ठाम मत आहे की कुत्र्याला मालकावर हुकूम गाजवायचा असतो, म्हणून त्याला दाबूनच ठेवावं. ही समजूत कुठून आली तेही मजेशीर आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकाने बंदिस्त जागेतल्या लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे कोंडल्यावर त्यांच्यात कोण मोठा यावरून मारामाऱ्या होणारच. कुत्रा लांडग्याच्याच कुळातला, म्हणून तेच त्यालाही चिकटवलं गेलं. डेव्हिड मेक या लांडगा-अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे ही कल्पना जगभर पसरली. पुढे त्यांनीच रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. कुटुंब. लिहिणाऱ्याने मत बदललं, आमची गल्ली अजून १९७० मध्येच आहे.

खरं कारण पोटाचं आहे. शिकार करून आलेल्या मोठ्या लांडग्याच्या तोंडाचे कोपरे पिल्लं चाटतात, की तो पोटातलं मांस ओकून त्यांना भरवतो. कुत्र्यात हे चाटणं रामराम म्हणून उरलं. ओळखीचं माणूस आलं की त्याच्या तोंडाशी जायचं. आता तोंड पाच फुटांवर असेल तर बिचारा उडी नाही मारणार तर काय करणार?

पण सुरुवात निसर्गाने केली तरी सवय आपणच लावतो. पिल्लू दोन महिन्यांचं असताना मांडीवर पाय टेकवतं तेव्हा सगळं घर "अगं बाई, ये ये" करतं. तेच वर्षभराने खांद्यापर्यंत पोहोचलं की ओरडा खातं. त्याला कसं कळावं की नियम कधी बदलला?

शिवाय आपण रागावतो म्हणजे नेमकं काय करतो? त्याच्याकडे बघतो, नाव घेऊन ओरडतो, दोन्ही हातांनी ढकलतो. दिवसभर वाट बघणाऱ्या कुत्र्याला यातलं काहीच शिक्षा वाटत नाही. ढकलणं तर त्याला खेळच वाटतो.

त्यात आपली घरं भरलेली. मी उडीला पाठ फिरवते, सासूबाई मात्र "हाऊ माले वळखस" म्हणत भाकरीचा तुकडा देतात. पोरं दोन्ही हात वर करून त्याला नाचवतात. दीर रात्री दुकानातून आले की पंजे खांद्यावर घेतात. कधी मिळतं, कधी नाही, अशी सवय सर्वांत चिवट असते. रोज मिळणारं बंद झालं तर कुत्रा लवकर नाद सोडतो. अधूनमधून मिळत राहिलं तर कधीच सोडत नाही. म्हणून माझं मत असं की शिकवणी आधी माणसांची घ्यावी. आमच्याकडे सासूबाईंना समजावणं कुत्र्यापेक्षा अवघड गेलं. (त्या फेसबुकवर नाहीत, म्हणून लिहिते.)

उपाय साधा आहे, चिकाटीचा आहे. उडी मारली की हाताची घडी घालून पाठ फिरवायची. बघायचं नाही, बोलायचं नाही. चारही पाय जमिनीला टेकले की त्या क्षणी खाली वाकून हनुवटीखाली, छातीवर थोपटायचं. वाकायचं यासाठी की तोंड खाली आलं तर त्याला वर यायची गरज उरत नाही. सुरुवातीला उड्या वाढतात, कारण कालपर्यंत चालणारी युक्ती आज का चालत नाही हे तो जोर लावून तपासतो. बहुतेक लोक इथेच हरतात आणि ओरडतात. मग कुत्रा शिकतो की जास्त जोर लावला की काम होतं.

त्याच्याबरोबर ‘बस’ शिकवायचं, पण पाहुणे दारात असताना नाही. घरात शांतता असताना, उकडलेल्या चिकनचे किंवा भाकरीचे बारीक तुकडे हातात घेऊन. बसलेला कुत्रा त्याच वेळी उडी मारू शकत नाही, हा सगळा हिशोब. तुकडा जमिनीवर ठेवायचा, म्हणजे नजर खाली राहते. शेवभाजीत बुडवलेली भाकरी मात्र नको. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. ‘बस’ पक्कं झालं की घरच्याच माणसाला बाहेर पाठवून फाटक वाजवायला लावायचं आणि पुन्हा पुन्हा घोटायचं. खरे पाहुणे आले की गळ्यात पट्टा, आणि दोरीवर आपला पाय, एवढी ढील ठेवून की तो उभा राहू शकेल, बसू शकेल, पण उडी पुरी होणार नाही.

गुडघा छातीत मारणं, मागच्या पंजावर पाय देणं, काठी दाखवणं हे उपाय सांगणारे खूप भेटतात. यातून कुत्रा एवढंच शिकतो की पाहुणा आला की दुखतं. मग उड्या थांबतात आणि गुरगुर सुरू होते. असा सौदा कोणाला हवाय?

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही यात वाटा आहे. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, डांबरी रस्त्यावर पंजे भाजतात, म्हणून कुत्रा दिवसभर कूलरसमोर कोंडलेला. संध्याकाळी फाटक वाजलं की साठलेलं सगळं पाहुण्याच्या अंगावर. पहाटे, ऊन चढायच्या आत, फिरवून आणा. दुपारी घरातच तुकडे लपवून शोधायला लावा. वास घेऊन शोधण्यात तो चांगला दमतो.

आणि नख लागलं तर हसण्यावारी नेऊ नका. ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचा आणि दवाखान्यात जायचं. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. रक्त आलं नाही म्हणून सोडून द्यायचं नाही, लसीचं डॉक्टर ठरवतील. आपल्या कुत्र्याच्या रेबीज लसीचं कार्ड मागण्याचा पाहुण्याला हक्क आहे. तो मागत नाही, ही त्याची भिडस्त वृत्ती.

पोरांना एवढंच शिकवा: दुसऱ्याचा कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही. हात छातीशी घेऊन, नजर दुसरीकडे ठेवून गप्प उभं राहायचं.

थंडी पडली की शेतात भरीत पार्ट्या सुरू होतील. वाळक्या काटक्यांवर वांगी भाजली जातील, जमिनीवर पंगत बसेल, म्हणजे सगळ्यांची तोंडं आणि ताटं कुत्र्याच्या उंचीवर. ज्यांना त्याला आणायचंच आहे त्यांनी पट्टा आणि खुंटी घेऊन यावं, आणि पंगत उठेपर्यंत त्याला विहिरीकडच्या निंबाखाली बांधावं. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भरीत माझ्याकडे लागलं.