मैफल मोफत आहे, पण चहा आहे का?

वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं : ‘शनिवारी सायं. ५.३० वा. शास्त्रीय गायन. प्रवेश विनामूल्य. रसिकांनी अगत्य येण्याचे करावे.’ यातले रसिक म्हणजे आपण, हे सगळ्यांत आधी मनाशी पक्कं करा. त्याला कसली परीक्षा नसते. मग आत जा आणि देवघेवीच्या टेबलाशी बसलेल्या ग्रंथपालताईंना विचारा, ‘चहा आहे का?’ त्या ‘आहे’ म्हणाल्या तर तेवढ्यावर समाधान मानू नका. ‘नुसता चहा?’ हेही विचारून घ्या. गाणार कोण आहे, हे विचारायची गरज नाही. ते फळ्यावर लिहिलेलं असतं आणि आपण ते नाव कधी ऐकलेलं नसतं.

फुकट ऐकायचा संकोच वाटत असेल तर तो झटकून टाका. आपल्यामागे कायदा उभा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये सोय आहे की, हौशी मंडळानं पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर एखादी संगीतरचना सादर केली तर तो हक्कभंग धरायचा नाही. म्हणजे पैसे न देणारा श्रोता ही साक्षात संसदेनं दखल घेतलेली जमात आहे. संसदेनं एवढा मान दिल्यावर आपण दाराशी ठेवलेल्या देणगीपेटीकडे बघणं शोभत नाही. पेटीजवळून जाताना फोन कानाला लावावा. फोन आलेला नसला तरी चालतं.

देवळातलं कीर्तनही फुकटच असतं म्हणा, पण तिथे एक पंचाईत असते. शेवटी आरतीचं ताट फिरतं, आणि शेजारच्यानं किती टाकले ते दिसतं. वाचनालयवाल्यांना ही युक्ती अजून सुचलेली नाही. (कृपया कुणी सुचवू नका.) विष्णु दिगंबर पलुसकरांनी दरबारात अडकलेलं गाणं लोकांसमोर आणलं, १९०१ साली लाहोरला संस्थानिकाच्या नव्हे तर लोकांच्या पैशावर गांधर्व महाविद्यालय काढलं, गवयाला समाजात मान मिळावा म्हणून हयात घालवली. आमच्याकडे त्यांची तसबीर आहे. मैफलीआधी तिला हार घालतात, आणि मग गवयाला विचारतात, ‘येताना बससाठी फार थांबावं नाही ना लागलं?’

आता वेळेचं. पाचलाच जा, खुर्च्यांवर रुमाल, पिशवी, चष्म्याची डबी अशी मांडामांड करा आणि घरी येऊन पडा. मात्र पहिल्या दोन रांगांना हात लावू नका. तिथे ‘राखीव’ असा कागद चिकटवलेला असतो. त्या ज्यांच्यासाठी राखीव असतात ते येत नाहीत, आणि जे आलेले असतात त्यांना तिथे कुणी बसू देत नाही. त्यामुळे गवई सगळा वेळ अठरा रिकाम्या खुर्च्यांकडे बघून गातो. त्याही फुकटातच ऐकतात.

साडेपाचला गाणं सुरू होणार, अशी समजूत फक्त गवयाची असते. तो बिचारा मुलतानी राग ठरवून आलेला असतो. मुलतानी दिवसाच्या चौथ्या प्रहराचा, ऊन कलतानाचा. साडेपाचला बसलं तर जेमतेम साधतो. पण आधी दीपप्रज्वलन. वात पेटत नाही, म्हणून पंखा बंद करायचा. पंख्याचं बटण कुठलं ते फक्त शिपाईमामांना माहीत, आणि मामा चहा सांगायला गेलेले. मग शारदास्तवन, मग स्वागत, मग प्रास्ताविक. प्रास्ताविकात वाचनालय चळवळीचा इतिहास येतो, आणि महाराष्ट्रात तो भरपूर आहे, हीच अडचण आहे. आमचे कार्यवाह रत्नागिरीपासून सुरुवात करतात : तिथलं नगर वाचनालय १८२८चं. तिथून नाशिक, सार्वजनिक वाचनालय, १८४०. मग पुणे, नगर वाचन मंदिर, १८४८. ते १८९३मध्ये ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापाशी पोचेपर्यंत मुलतानी हातचा गेलेला असतो.

गवई मनातल्या मनात पूरिया धनाश्रीवर येतो. संधिप्रकाश आहे अजून, निभेल. तेवढ्यात प्रमुख पाहुणे येतात. त्यांना पुढे दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं असतं, म्हणून त्यांचं भाषण आधी उरकून घ्यायचं ठरतं. ‘मला गाण्यातलं काही कळत नाही,’ असं ते प्रामाणिकपणे सांगतात आणि त्यानंतर पंचवीस मिनिटं गाण्यावर बोलतात. पूरिया धनाश्रीही गेला. त्यावर अध्यक्षीय मनोगत. अध्यक्ष समोरच्या रस्त्याच्या रुंदीकरणात वाचनालयाची किती फूट जागा जाणार यावर सविस्तर बोलतात, खरं तर तेच एक भाषण ऐकण्यासारखं असतं. रस्त्यावरचे दिवे लागतात. उरतो तो यमन. यमन भल्या स्वभावाचा. उशिरा येणाऱ्या सगळ्यांना सांभाळून घेतो. आपल्याकडे जाऊ तिथे यमनच का कानावर पडतो, असं एकदा एका समीक्षकाला विचारलं तर तो सौंदर्यशास्त्रात शिरला. कारण साधं आहे. मी कित्येक वर्षं वाचनालयात मुलतानी ऐकायला जातो आणि यमन ऐकून घरी येतो.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा नियम सांगतो की, वाचकाचा वेळ वाचवा. श्रोत्याच्या वेळेबद्दल ते काही बोलले नाहीत, ती फट कार्यकारी मंडळांनी बरोबर हेरली. १२ ऑगस्टला, म्हणजे त्यांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी आमच्याकडे हाच चौथा नियम चांगला अर्धा तास समजावून सांगतात.

एकदाचा तानपुरा जुळायला लागतो. तबलजी हातोडी काढतो. इथे टाळ्या वाजवायला अजिबात हरकत नाही, त्याला मोठी परंपरा आहे. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी नुसती वाद्यं जुळवली तर सभागृहानं टाळ्यांचा पाऊस पाडला. जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकरांना सांगावं लागलं. ती माणसं तिकीट काढून आली होती. आपल्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा कुणी करू नये.

बैठक कुठे असते ते सांगायचं राहिलं. वाचन कक्षातली टेबलं भिंतीला लावायची, वर्तमानपत्रं वाचणाऱ्या आजोबांना खुर्चीसकट उचलल्यासारखं करून कोपऱ्यात बसवायचं आणि प्लगजवळ सतरंजी अंथरायची. प्लग एकाच भिंतीला आहे. त्या भिंतीवर ‘कृपया शांतता राखा’ अशी पाटी आहे, त्यामुळे आमच्याकडे आजवर जे जे गायले ते सगळे त्या पाटीखाली गायले. फोटो काढताना पाटी येऊ देऊ नका, एवढीच विनंती.

पलीकडे अभ्यासिका. तिथे राज्यसेवेची मुलं सकाळपासून राज्यघटना पाठ करत बसलेली असतात. संथ लयीतला विलंबित ख्याल आणि मूलभूत हक्क यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत. तासाभरात एक मुलगा बाहेर येऊन विचारतो, ‘काका, अजून किती वेळ?’ त्याच्यावर रागवू नका; तो सगळ्या सभागृहाच्या वतीनं विचारत असतो. मागच्या खेपेला मात्र एक मुलगी तक्रार करायला आली आणि दारातच थांबली. पुस्तकात बोट तसंच. शेवटपर्यंत उभी होती, आणि जाताना तिनं मला विचारलं, ‘हे काय होतं?’ मी म्हटलं, ‘यमन.’ तिनं ते पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. असल्या मुलांना वेळीच आवरायला हवं, यादीतला नंबर जातो अशानं.

ऐकावं कसं, यावर फार बोलण्यासारखं नाही. विलंबित एकताल बारा मात्रांचा असतो आणि एक आवर्तन कधी कधी पाऊण मिनिट चालतं. तेवढ्यात तीन ग्रुपवर शुभरात्री टाकून होतं. मान मात्र समेवरच, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरच, हलली पाहिजे. सम कळत नसेल तर झब्बा घातलेला एखादा ज्येष्ठ श्रोता हेरा आणि त्याच्या मागोमाग मान हलवा. आमच्याकडे असे चौघं आहेत, आणि ते चौघं एकमेकांकडे बघतात. द्रुत, म्हणजे जलद लयीतलं गाणं, सुरू झालं, तबलजीला हात मोकळा करायला मिळाला, की चिठ्ठी पाठवा : ‘आता एखादा अभंग होऊ द्या.’ चिठ्ठी हातोहात पुढे जाते, वाटेत तिघं ती वाचतात आणि त्यातला एक खाली ‘किंवा नाट्यपद’ अशी भर घालतो.

मानधनाचा विषय निघाला तर घाईनं मत देऊ नका. आधी शासनमान्य वाचनालयाचा कारभार समजून घ्या. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान, आणि त्यात पुस्तकं, नियतकालिकं, वीजबिल, पगार असं सगळं ओढायचं. ग्रंथपालताईंना पगार किती, हे विचारू नका. हातातला चहा घशाखाली उतरणार नाही. तेव्हा गवयाला शाल, श्रीफळ आणि एक पुस्तक. तबलजीला श्रीफळ आणि गुलाबाचं फूल. पेटीवाल्याला फूल. मागे बसून दोन तास तानपुरा छेडणाऱ्या शिष्येचं नाव निवेदक विसरतो, म्हणून तिला टाळ्या. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, या पावसाळ्यात उतरली, नवी चढवायचीय, हे तो चहा पिताना मला सांगत होता. मी म्हटलं, ‘कला जिवंत ठेवलीय तुम्ही.’ तुम्हीही असंच काहीतरी म्हणा. गवयाला भेटलात तर कौतुकानं विचारा, ‘बाकी, करता काय आपण?’

भैरवीचे सूर लागले की उठा. भैरवी म्हणजे शेवट हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे चप्पलांपाशी गर्दी होते आणि आपली चप्पल दुसऱ्याच्या पायात जाते. वाकून, कुणाच्या गाण्याआड न येता, म्हणजे गवई आणि उरलेले अकरा श्रोते यांच्या बरोबर मधून जा. आभारप्रदर्शनाला थांबलात तर खुर्च्या उचलायला लागतील. खुर्च्या मंडपवाल्याच्या असतात आणि त्याच रात्री परत द्यायच्या असतात. त्या ताई आणि शिपाईमामा मिळून उचलतात. मग सतरंजी झटकायची, टेबलं जागच्या जागी, आजोबांचं वर्तमानपत्र घडी घालून दांडीवर.

सोमवारी पुस्तक परत करायला जा. मी गेलो. चार दिवस उशीर झाला होता, रोजचा एक रुपया. ताईंनी वहीत तारीख बघून सांगितलं, ‘चार रुपये झाले, काका.’ मी म्हटलं, ‘अहो, शनिवारी वाचनालय कार्यक्रमासाठी बंद होतं, तो दिवस धरू नका.’ त्या म्हणाल्या, ‘बंद कुठे होतं? तुम्ही आला होतात की. दुसऱ्या चहाला.’ शेवटी तीनवर तुटलं. पावती घेतली, आणि पुढची मैफल कधी ते विचारून ठेवलं.