पाठीवरचं वजन आणि मनगटावरचं घड्याळ

साताऱ्यात नवा युद्धपट लागला की थिएटरात एक गंमत हमखास बघायला मिळते. पडद्यावर हिरो दातानं ग्रेनेडची पिन उपटतो, पुढची पोरं शिट्ट्या मारतात, आणि मागच्या रांगेतले दोन-चार पिकल्या मिशांचे गडी खुसुखुसु हसायला लागतात. ज्या जिल्ह्यात अख्खी गावं पेन्शनीवर आलेल्या फौजींची आहेत, तिथं या हसण्याला किंमत द्यावी लागते.

ते का हसतात ते आधी सांगतो. ग्रेनेडच्या पिनेची टोकं मागं वाकवून पसरवलेली असतात. झुडपात अडकून पिन आपोआप निघू नये म्हणून मुद्दाम केलेली ती सोय. दातानं ओढायला गेलात तर पिन जागेवर राहील आणि दात हातात येईल. रिंगेत बोट घालून, पिळा देऊन, चांगला जोर लावून ती काढायची, आणि लिव्हर मुठीत आवळून धरायची. मूठ सुटली की लिव्हर उडते आणि आतली वात पेटते. छत्तीस नंबरच्या ग्रेनेडला तिथून पुढं मिळतात ४ सेकंद. बरं, फुटल्यावर काय दिसतं? कोरडा कडाड् आवाज, राखाडी धुरळा, आणि चहूकडं उडणारे लोखंडाचे तुकडे. बस्स. पिक्चरमधला तो केशरी आगीचा गोळा पेट्रोलचा असतो. खरा स्फोट कॅमेऱ्यात फार गरीब दिसतो, म्हणून.

पण असल्या चुका एखाद्या चांगल्या पिक्चरला माफ करता येतात. सैनिकाचं जगणं खरं दाखवलंय की नाही हे माझ्या मते दोनच गोष्टींवर ठरतं. वजन आणि वेळ. या दोन्ही जमल्या तर डायलॉग कमी असला तरी चालतो. या चुकल्या तर पाच हजार माणसांची गर्दी आणि खरे रणगाडे आणूनही पिक्चर जत्रेतला तमाशाच वाटतो.

आधी वजन. भरलेली जुनी एसएलआर रायफल पाच किलोच्या आसपास जाते. तिच्यानंतरची इन्सास रायफल रिकामीच चार किलोच्या वर. शूटिंगला पळापळीच्या सीनमध्ये बहुतेकांच्या हातात रबरी नाहीतर फायबरची डमी असते, आणि ते मनगटावरून लगेच ओळखू येतं. खरी रायफल तासभर वागवलेला माणूस ती मिरवत नाही. नळी आपोआप खाली झुकते, पट्टा खांद्यात रुततो, माणूस या हातातून त्या हातात घेत राहतो. पिट्टूचं, म्हणजे पाठीवरच्या फौजी पिशवीचं, तेच. थर्माकोल भरलेला पिट्टू पळताना पाठीवर उड्या मारतो. वीस-पंचवीस किलोचा पिट्टू उडत नाही, तो माणसाला कमरेतून पुढं वाकवतो, आणि चालणारा दोन्ही अंगठे पट्ट्यांखाली घालून चालतो. कुणी नवा दिग्दर्शक हे वाचत असेल तर बाबा रे, नटांच्या पिट्टूत वाळूच्या पिशव्या भर आणि शूटिंगआधी आठवडाभर ते ओझं घेऊन त्यांना अजिंक्यतारा चढव. निम्मा अभिनय फुकटात मिळेल.

या वजनातूनच कथा निघते, हे आपल्याकडं कुणाच्या लक्षातच येत नाही. ५.५६ मिलिमीटरच्या शंभर गोळ्या म्हणजे साधारण सव्वा किलो. जुन्या ७.६२ च्या शंभर म्हणजे जवळजवळ अडीच. पाण्याची लिटरची बाटली एक किलो. चढाईच्या आदल्या संध्याकाळी जवान पिट्टू उपसून बसतो तेव्हा हा हिशेब चाललेला असतो. स्वेटर ठेवू की गोळ्या, शक्करपारे ठेवू की गोळ्या, पाणी दोन बाटल्या की एक. बोलणं नाही, संगीत नाही. एक माणूस सामान काढतोय, परत घालतोय, परत काढतोय. या सीनपुढं दहा मिनिटांचं देशभक्तीचं भाषण फिकं पडतं.

आता उंची. १६ हजार फुटांवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. तिथं दहा-पंधरा पावलं टाकायची आणि थांबायचं. फौजेत उंचीवर जायची शिस्तच ठरलेली आहे: ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, मग १५ हजारांपर्यंत ४, त्याच्या वर आणखी ४. म्हणजे वर नीट उभं राहायलाच दोन आठवडे. घाई केली तर फुप्फुसात पाणी होतं आणि चांगला धडधाकट गडी एका रात्रीत जातो. आपला हिरो मात्र सकाळी दिल्लीत मंत्र्यांच्या केबिनमध्ये असतो आणि संध्याकाळी बर्फात कडा चढत एका दमात सहा वाक्यं बोलतो.

दमाचा विषय निघालाच आहे तर युद्धघोषाचंही सांगून टाकतो. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' हा मराठा लाइट इन्फंट्रीचा घोष ऐकला की अंगावर काटा येतो, याबद्दल दुमत नाही. पण पिक्चरमध्ये तो डोंगराच्या पायथ्यापासूनच सुरू होतो. रात्रीच्या हल्ल्याचं सगळं बळ मुकाट सरकण्यात असतं. खोकला आला तर रुमालाचा बोळा तोंडात. डब्यात पाणी अर्धवट असेल तर डुचमळतं, म्हणून डबा काठोकाठ भरायचा नाहीतर पुरता रिकामा करायचा. घोष येतो तो शेवटच्या धावेला, समोरचा मोर्चा, म्हणजे शत्रूची लढायची आडोशाची जागा, अगदी तोंडावर आला की. तासन् तास दाबून धरलेला श्वास तेव्हा बाहेर पडतो. आधीच्या शांततेला नीट वेळ दिला असेल तरच त्या आरोळीनं थिएटर हादरतं.

आणि हीच ती वेळ, जिच्यावर सगळ्यात जास्त पिक्चर मार खातात.

हल्ल्याआधी जमिनीवर मॉडेल मांडतात. माती, खडूची पावडर, काटक्या, रंगीत सुतळी. कुठला खडक कुणाचा, कुठल्या नाळेनं कुणी जायचं, हे शेवटच्या शिपायापर्यंत पोचलं पाहिजे. मग घड्याळं जुळवतात. हल्ल्याची ठरलेली वेळ म्हणजे एच-अवर. त्याआधी तोफखाना शत्रूच्या मोर्चांवर गोळे टाकत असतो. त्यात शत्रू मेला तर उत्तमच, पण मूळ उद्देश त्याचं डोकं खाली दाबून ठेवणं हा. त्या माऱ्याच्या आडोशानं पायदळ वर सरकतं. ठरलेल्या मिनिटाला तोफा मारा उचलून पलीकडं नेतात, आणि त्या मिनिटाला पायदळ शेवटच्या टप्प्यावर असायलाच हवं. पाच मिनिटं उशीर झाला तर समोरचा मशीनगनवर येऊन बसलेला. पाच मिनिटं लवकर पोचलात तर आपलेच गोळे आपल्या डोक्यावर. आता विचार करा, निसरडी वाट, अंधार, पुढच्याचा पाय घसरलेला, आणि कंपनी कमांडर मनगटावरची रेडियमचे काटे बघतोय. याहून मोठं थ्रिल कुठल्या लेखकाला सुचणार आहे? कारगिलमध्ये बोफोर्स तोफांनी सरळ नेम धरून बंकर फोडले आणि त्याच डोंगरांवर पोरं चढत होती. तिथलं तोलोलिंग शिखर १३ जून १९९९ ला हाती आलं, त्याआधी जवळजवळ तीन आठवडे तिथं झुंज चालली होती. पडद्यावर एका गाण्यात डोंगर सर होतो.

रात्रीचा उजेड हाही वेळेचाच खेळ. पिक्चरमध्ये रात्र निळी असते आणि सगळ्यांना सगळं दिसतं. खरं म्हणजे अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात शत्रूनं उखळी तोफेतून उजेडाचा गोळा सोडला की तो छोट्या पॅराशूटला लटकून अर्धा-एक मिनिट जळतो. तो झुलतो, म्हणून खालच्या दगडाची सावलीही झुलते आणि दगड चालल्यासारखा वाटतो. अनुभवी माणूस आहे तिथं गोठतो आणि एक डोळा मिटून घेतो, म्हणजे उजेड विझल्यावर निदान एक डोळा तरी अंधाराचा राहतो. एवढं एक दृश्य कुणी नीट घेतलं तर मी तिकिटाचे पैसे दोनदा देईन.

आवाजाचंही थोडक्यात. तीनशे मीटरवरून झाडलेली गोळी अर्ध्या सेकंदाच्या आत येते. बंदुकीचा आवाज यायला जवळपास एक सेकंद लागतो. म्हणजे आधी कानाजवळ चाबूक फुटल्यासारखा 'चट्', मग लांबून 'धप्प'. या दोन्हींतल्या अंतरावरून मुरलेला जवान समोरचा किती लांब आहे याचा अंदाज बांधतो. आपल्याकडं 'ठाँय' आणि माणूस पडणं एकाच क्षणी. आणि ते न संपणारं मॅगझिन! वीस गोळ्या मिनिटाला सहाशेच्या वेगानं सोडल्या तर दोन सेकंदांत खेळ खलास. म्हणून तर जवान मोजून, तोलून फायर करतो. मॅगझिन बदलायचे चार सेकंद, तेवढ्यात बाजूच्यानं फायर चालू ठेवायचा. फौजेतली दोस्ती म्हणजे काय, ते या चार सेकंदांत दिसतं. खांद्यावर हात टाकून गाणं म्हणायची गरज नाही.

जखमीबद्दल लिहायला हात जड होतो, पण टाळता येत नाही. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. आईला निरोप, बायकोचा फोटो, मुलाचं नाव, एवढं सगळं बोलायला सवड नसते. प्रत्येकाजवळ फील्ड ड्रेसिंग, म्हणजे जखमेवर बांधायची पट्टी, असतं. एक जखमी स्ट्रेचरवर न्यायला चार माणसं, डोंगरात पाळीपाळीनं सहा-आठ. म्हणजे दहाच्या सेक्शनमध्ये एक पडला आणि सगळे त्याच्याभोवती गोळा झाले, तर हल्ला तिथंच मेला. म्हणून शिकवणच अशी की पुढं जाणाऱ्यानं थांबायचं नाही, मागून येणारे बघतील. पडलेल्या जोडीदाराला ओलांडून जाणं हे फौजी आयुष्यातलं सगळ्यात अवघड पाऊल, आणि आपले पिक्चर नेमकं तिथंच थांबून स्लो मोशन लावतात. १९६२ च्या चीन युद्धात लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत लढलेली आपली माणसं पुढच्या फेब्रुवारीत बर्फात गोठलेली सापडली, तेव्हा नर्सिंग असिस्टंटच्या हातात सिरिंज तशीच होती. त्याला संवाद लिहायची कुणाची हिंमत आहे?

राजस्थानच्या सरहद्दीवरच्या लोंगेवाला चौकीचं उदाहरण घ्या. ४-५ डिसेंबर १९७१ ची रात्र. सव्वाशेच्या आतबाहेर जवान, समोर चाळीसहून जास्त रणगाडे. काटेरी तार दिसली आणि पुढं सुरुंग असतील या धास्तीनं शत्रू थबकला. आपल्या हंटर विमानांना रात्री लढायची सोय नव्हती, म्हणजे उजाडेपर्यंत तग धरायचा. खरी लढाई घड्याळाशी होती. त्या चौकीवरचे आपले दोन जवान कामी आले. पडद्यावर मात्र माणसं पटापट पडताना दाखवली. मेलेला जवान रडवतो, वाट बघणारा रडवत नाही, असा आपल्या निर्मात्यांचा पक्का समज.

हुद्द्यांच्या चुकांची तर यादीच होईल. एवढंच सांगतो की पायदळात सार्जंट नसतो, हवालदार असतो. डोक्यावर टोपी-पगडी नसताना फौजी हात उचलून सॅल्यूट करत नाही, सावधान होतो. आणि सुभेदार म्हणजे विनोदासाठी ठेवलेला पोटसुटा काका नव्हे. त्याला जवान 'साहेब' म्हणतात, आणि नवा लेफ्टनंट गुपचूप त्याचाच सल्ला घेतो. शत्रूला बावळट दाखवणं हाही आपल्याच माणसांचा अपमान. बावळटांशी लढायला कसली आलीय मर्दुमकी?

आमच्या तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. एका गावातली. त्याच युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराला, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. जवळजवळ पाच महिने. टायग्रिसच्या पुरानं खंदकात पाणी, हिवताप, आणि रोज कमी होत जाणारं पीठ. गोरे सोल्जर घोडे-खेचरं कापून खात होते. आपल्यातले बहुतेक जण धर्मामुळं महिनोन् महिने त्या मांसाला शिवले नाहीत. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्या तरी घास घशाखाली उतरेना. शेवटी विमानातून पिठाची पोती टाकायचा प्रयोग झाला, त्यातली काही नदीत पडली.

यावर मराठीत पिक्चर नाही, याची खंत आहे. रणगाडे नकोत, व्हीएफएक्स नको. कृष्णाकाठचा गाळ, एक खंदक, तीसेक हडकुळे नट आणि एक तराजू. खटाव-माणकडचा एक हवालदार रोज सकाळी पीठ तोलतोय, पारड्यातलं माप दर आठवड्याला लहान होतंय, रांगेतला प्रत्येक जण काट्याकडं बघतोय, आणि मागं कुठंतरी खेचराचं मांस शिजल्याचा वास येतोय.