लुइझियानाचं गणित आधीच बिघडलं होतं

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या डेमोक्रॅट सिनेटर मेरी लँड्रू 'पक्षाने हात आखडल्यामुळे' निवडणूक हरल्या, असं एका लेखात म्हटलंय; पण ते कारण अपुरं आहे. लुइझियानात तेव्हा सिनेटसाठी नोव्हेंबरात सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असायचे. ५० टक्क्यांच्या वर कुणीच गेलं नाही, तर पहिल्या दोघांत डिसेंबरात फेरमतदान व्हायचं. लँड्रू ४२, बिल कॅसिडी ४१, रॉब मॅनेस जवळपास १४. म्हणजे या दोन रिपब्लिकनांची बेरीजच ५५ च्या आसपास! मॅनेस यांची मतं कॅसिडींकडे सरकली आणि ६ डिसेंबरला कॅसिडी ५६, लँड्रू ४४ झालं. पक्षाने जाहिराती मागे घेतल्या हे चुकलंच, पण १२ टक्क्यांची दरी जाहिरातींनी बुजत नाही. २००२ मध्ये त्या पहिल्या फेरीतच ४६ वर होत्या, म्हणून फेरमतदानात ५२ गाठता आले.