सिक्सरचा बॉल परत करायचा नसतो

शिकागोत येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते तेव्हा ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका माणसाने मला हसत हसत विचारलं, "कब्स ऑर सॉक्स?" मी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. मोजे नीट होते, दोन्ही एकाच रंगाचे. मग मीही हसले आणि "येस" म्हणाले, तो जरा गोंधळून सहाव्या मजल्यावर उतरला, बहुतेक त्याचा मजला आठवा असावा.

नंतर कळलं की या शहरात बेसबॉलच्या दोन टीम, उत्तरेकडचे कब्स आणि दक्षिणेकडचे व्हाइट सॉक्स, आणि माणूस एकाचाच असतो. येस म्हणणारा माणूस कोणाचाच नसतो. आमचं भाड्याचं घर निघालं रेड लाइनवरच्या ॲडिसन स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, म्हणजे कब्सच्या रिगली फील्डच्या अगदी कुशीत, तर मग आम्ही कब्सचे. गोत्र जसं जन्माने मिळतं तसं हे लीजने मिळालं.

घर घेताना आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं हेही सांगायला पाहिजे. एप्रिलमधल्या एका दुपारी खिडकीतून बघते तर रस्ताभर निळे शर्ट घातलेली माणसं, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळे एकाच दिशेला चाललेले. मला वाटलं मोर्चा. नवरा म्हणाला मोर्च्यात इतके खूश कोण दिसतं, ही दिंडी आहे. बरोबरच होतं त्याचं. वर्षाला १६२ मॅच, त्यातल्या अर्ध्या घरच्या मैदानावर, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आमच्या गल्लीतून ८१ वेळा वारी निघते आणि त्या दिवशी तुम्ही कोथिंबीर आणायला बाहेर पडलात तर कोथिंबीर विसरा, घरी परत आलात तरी मिळवली.

पण हे सगळं आम्ही दोघं होतो तोवर ठीक होतं. जूनमध्ये नाशिकहून सासूसासरे आले.

बाबा, म्हणजे माझे सासरे, बँकेतून रिटायर झालेले आणि क्रिकेटच्या बाबतीत गावस्करपंथी. आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी खिडकीतून स्टेडियम बघून म्हणाले, "इतकं घराशेजारी ग्राउंड आहे आणि तुम्ही एकही मॅच बघितली नाही? तुमच्या पिढीचं काही खरं नाही." नवऱ्याने लगेच फोन काढून ब्लीचर्सची चार तिकिटं बुक केली आणि मग त्याला त्या दिवशी ऑफिसची मीटिंग निघाली. (ती मीटिंग खरी होती का यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.) त्याचं तिकीट खाली घरमालकांच्या पोराने घेतलं आणि गाइड म्हणून नेमणूक झाली माझी. मी, जिने लहानपणी घरातल्या क्रिकेटला कंटाळून पाठ केलेली एकच गोष्ट म्हणजे ब्रेकमधल्या जाहिराती.

त्यात आईंनी कालनिर्णय उघडून जाहीर केलं की त्या दिवशी संकष्टी आहे. मग अर्धा तास यावर गेला की नाशिकची संकष्टी धरायची की शिकागोची, कारण चंद्र इथे वेगळ्या वेळी उगवतो, आणि इंटरनेटवर बघितलं तर इथला चंद्रोदय रात्री अकराच्या आसपास. आई म्हणाल्या, "म्हणजे तोपर्यंत उपास. अमेरिकेत सगळंच मोठं असतं." आणि संकष्टी म्हणून त्यांनी बाबांना लाल टी-शर्ट घालायला लावला. गणपतीला लाल आवडतं. मॅच सेंट लुईस कार्डिनल्सबरोबर होती. कार्डिनल्सचा रंग कोणता हे मला त्या सकाळी माहीत असतं तर या लेखाची गरजच पडली नसती.

गेटवर मेटल डिटेक्टर वाजला. आईंच्या पिशवीत स्टीलचा डबा. सिक्युरिटीवाल्या धिप्पाड माणसाने झाकण उघडून आत नाक घातलं आणि विचारलं हे काय. मी म्हटलं टॅपिओका. त्याचा चेहरा उजळला, "पुडिंग?" मी म्हटलं पुडिंगच, पण तिखट, त्यात दाण्याचं कूट आणि जिरं. त्याने माझ्याकडे ज्या करुणेने बघितलं ती मी विसरणार नाही. पण सोडलं.

ब्लीचर्स म्हणजे मैदानाच्या पार मागच्या बाजूचे उन्हातले बाक, पाठ टेकायला काही नाही, सीट नंबर नाही, जो आधी येईल तो बसेल. हे ऐकल्यावर आईंना पहिल्यांदा या देशात आपलं काहीतरी दिसलं. मी पाणी आणायला गेले तेवढ्यात त्यांनी एक रुमाल, एक स्कार्फ, बाबांचा चष्म्याचा डबा आणि सांडगी मिरच्यांची पिशवी अशी एसटी स्टाइल सात माणसांची जागा धरून ठेवली होती. आम्ही चार. शेजारचे एक सत्तरीतले आजोबा, डोक्यावर कब्सची विटकी टोपी, त्या सांडग्या मिरच्यांच्या पलीकडे सभ्यपणे अंग चोरून बसले होते. मी सॉरी म्हणून पिशवी उचलली. ते म्हणाले, ते इथे साठ वर्षं येताहेत पण अशी पद्धत नवीन आहे, चांगली आहे.

एक वाजून वीस मिनिटांनी मॅच सुरू झाली आणि एक वाजून बावीस मिनिटांनी बाबांचे प्रश्न.

"किती ओव्हरची?" ओव्हर नसतात बाबा, नऊ इनिंग असतात. "नऊ? म्हणजे साडेचार टेस्ट? मी सहा महिन्यांच्याच व्हिसावर आलोय." मग मी सांगितलं की एका इनिंगमध्ये तीनच आउट, आणि हल्ली बोलरला, म्हणजे पिचरला, घड्याळ लावलंय, बेसवर, म्हणजे रन काढताना थांबायच्या टप्प्यांवर, कोणी नसेल तर १५ सेकंदांत बॉल टाकावाच लागतो, २०२३ पासून. हे त्यांना आवडलं. बँकेच्या काउंटरवर असं घड्याळ पाहिजे होतं म्हणाले, आणि मग स्वतःच गप्प झाले.

खरा घोळ झाला बॉल सोडण्यावरून. पहिल्याच बॅट्समनने एक बॉल आरामात सोडून दिला, बाबा खूश, "वा, जजमेंट बघ!" आणि अंपायरने स्ट्राइक दिला. मी म्हटलं, चांगला बॉल सोडला की स्ट्राइक, असे तीन झाले की आउट. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे इथे गावस्कर नसता टिकला." १९७५ च्या वर्ल्ड कपमध्ये गावस्करांनी १७४ बॉलमध्ये नाबाद ३६ केल्या होत्या ती गोष्ट त्यांनी मग घरमालकांच्या पोराला इंग्रजीतून सांगितली, आणि त्या पोराने मला विचारलं की ही दंतकथा आहे का. पण मग मी दुसरी बाजू सांगितली, की बोलरने चार बॉल वाइड टाकले की बॅट्समनला न खेळता पहिल्या बेसवर चालत जाता येतं. चालत! बाबांचा जीव भांड्यात पडला. दर वॉकला एकटे टाळ्या वाजवत होते.

मधल्या काळात ऊन इतकं होतं की काही विचारू नका. इथले हवामानवाले रोज सांगतात लेकजवळ गारवा राहील, लेक मिशिगन जेमतेम पाऊण मैलावर, पण तो गारवा आमच्या बाकापर्यंत काही आला नाही, रस्त्यात ट्रॅफिक असणार. आईंनी ओढणी डोक्यावरून घेतली. मी हॉटडॉगच्या रांगेत गेले आणि म्हटलं, सॉसेज नको, बाकी सगळं द्या, तर मस्टर्ड, कांदा, टोमॅटो, हिरवीगार रेलिश, काकडीचं लोणचं, वरून सेलेरीचं मीठ, असा एक वड्याशिवाय वडापाव मिळाला. त्यावर केचप मागितलं. मागच्या रांगेत एकदम शांतता. शिकागोत हॉटडॉगवर केचप मागणं म्हणजे कोल्हापुरात तांबड्या रश्श्यात साखर मागण्यासारखं आहे हे मला आता माहीत आहे, तेव्हा नव्हतं.

परत येते तर आई आणि ते टोपीवाले आजोबा गप्पा मारताहेत. आईंना इंग्रजी दहा वाक्यं येतं, आजोबांना मराठी शून्य, तरी आईंना सगळं कळलं होतं. १९४५ साली एक माणूस स्वतःचा बोकड घेऊन मॅचला आला, वर्ल्ड सिरीजची, म्हणजे वर्षाच्या फायनलची मॅच, बोकडाला बाहेर काढलं, त्याने शाप दिला आणि मग कब्स ती सिरीज जिंकेचनात. १९०८ ला जिंकलेले, ते एकदम २०१६ ला. १०८ वर्षं! आई मला म्हणाल्या, "एकशे आठ आकडा बघ. नुसतं त्र्यंबकला येऊन शांत करून गेले असते तर साठ-सत्तर सालीच मोकळे झाले असते." मी हे भाषांतर केलं. आजोबांनी मान डोलावली, त्यांना ते पटलं असावं, म्हणाले आम्ही बाकी सगळं करून बघितलं होतं.

तिथली भिंत मात्र बघण्यासारखी आहे. विटांची, आणि तिच्यावर १९३७ मध्ये लावलेला आयव्हीचा वेल, हिरवागार. त्याच वर्षीचा हाताने चालवायचा स्कोअरबोर्ड, आत माणसं बसून अजून पत्र्याचे आकडे बदलतात. आणि बॉल त्या वेलात अडकला तर फिल्डर बॉल शोधत बसत नाही, सरळ दोन्ही हात वर करतो आणि बॅट्समनला दोन बेस देऊन टाकतात. बाबा ताडकन उठले. "टू-डी! अगं हे टू-डी आहे!" आमच्या नाशिकच्या सोसायटीत शेजारच्या बंगल्याच्या कंपाउंडात बॉल गेला की टू-डी, म्हणजे दोन रन डिक्लेअर, कारण तिथले काका बॉल परत देत नाहीत, दोन पिढ्या झाल्या. बाबांना तिथून पुढे बेसबॉल पूर्ण समजला. मला काही विचारलं नाही.

आणि मग सहाव्या इनिंगला कार्डिनल्सच्या एकाने जो उचलला तो थेट आमच्याकडे. लोक उठले, हात वर, बिअर सांडली, कोणाच्या तरी मनगटाला लागून बॉल बाकावर आपटला आणि आईंच्या पिशवीत, साबुदाण्याच्या डब्यावर टण्णकन जाऊन पडला. बाबांनी उचलला. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू, आयुष्यभर वानखेडेला गेले पण बॉल कधी दहा रांगांच्या आत आला नाही.

आणि सगळं ब्लीचर्स ओरडायला लागलं, "थ्रो इट बॅक! थ्रो इट बॅक!"

रिगलीत पद्धत अशी की समोरच्या टीमच्या होमरनचा, म्हणजे इथल्या सिक्सरचा, बॉल ठेवायचा नाही, तिरस्काराने परत मैदानात फेकायचा. बाबांना वाटलं कौतुक चाललंय. त्यांनी बॉल उंच धरून चारही दिशांना दाखवला, वर नमस्कार केला. अंगात लाल शर्ट. आता त्या शेकडो लोकांच्या दृष्टीने हा भर त्यांच्या घरात बसून शत्रूचा बॉल मिरवणारा कट्टर कार्डिनल्सवाला होता. बूऽऽ सुरू झालं. पॉपकॉर्न आले. मी बाबांना सांगितलं की परत फेकायचाय. बाबा म्हणाले, "का? तिकिटाचे पैसे दिलेत." मी म्हटलं पद्धत आहे. "सिक्सरचा बॉल परत करायचा नसतो. त्यांना पाहिजे तर त्यांनी यावं, मागावा, सही करावी." आई म्हणाल्या, "आणि प्रसादासारखा डब्यात आलाय, संकष्टीला. मुळीच द्यायचा नाही." घरमालकांचं पोर आमच्यापासून दोन बाक लांब सरकून बसलं, ओळख नसल्यासारखं.

शेवटी टोपीवाल्या आजोबांनी इकडेतिकडे बघून हळूच जॅकेटच्या खिशातून एक जुना, झिजलेला बॉल काढला आणि माझ्या हातात सरकवला. म्हणाले, अनुभवी लोक घरून एक घेऊन येतात. बाबांनी आधी दोन्ही बॉल हातात तोलून बघितले, जुना कुठला याची खात्री केली, तीन पावलं धावले आणि सरळ हाताने डीप पॉइंटवरून मारावा तसा फेकला. सेकंड बेसच्या जरा अलीकडे एक टप्पा. ब्लीचर्सने डोक्यावर घेतलं त्यांना. मगाशी पॉपकॉर्न मारणाऱ्या माणसानेच बिअर पुढे केली, बाबांनी "संकष्टी" एवढंच म्हणून नाकारली.

सातव्या इनिंगच्या मध्ये सगळे उठून गाणं म्हणतात तेव्हा आई हात जोडून उभ्या राहिल्या आणि गाणं संपल्यावर तबक कुठून येतंय ते बघत होत्या. कब्स हरले. स्कोअरबोर्डवर एल अक्षराचा झेंडा चढला. आजोबांना सांडगी मिरची दिली होती, ते त्या झेंड्यामुळे रडत होते की मिरचीमुळे ते विचारलं नाही.

चंद्र त्या रात्री ढगात होता, साडेअकराला आईंनी वेळ झाली असं धरून उपास सोडला.

बॉल नाशिकला गेला आणि शोकेसमध्ये बसला, ब्लीचर्सच्या तिकिटाची प्रिंट शेजारी. परवा व्हिडिओ कॉलवर मला तिथे नुसती प्रिंट दिसली. बाबा, बॉल कुठाय?

"अगं, खाली पोरांचा बॉल हरवला होता, म्हटलं दोन ओव्हर खेळा. बंगल्यात गेला. त्या काकाला चारदा सांगून आलो, अमेरिकेचा आहे, परत दे. नाही देत."

मी म्हटलं, मग? टू-डी दिलं का?

"दिलं," बाबा म्हणाले, आणि फोन आईंकडे दिला.