‘डेटा सेंटरमुळे पुण्याची लाइट जाते’ म्हणे!

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘हिंजवडी-पिंपरीची डेटा सेंटर्स शंभर-शंभर मेगावॉट खातात, म्हणून आपली लाइट जाते. निम्मी वीज नुसत्या एसीला. रात्री कोणी वापरत नाही तरी मशीन चालूच. एआयचा प्रत्येक प्रश्न अर्धा लिटर पाणी पितो.’ सर्व्हरच्या विजेचा हिशेब हेच माझं काम, तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

शंभर मेगावॉट हा मंजूर भार असतो, म्हणजे वीज कंपनीने दिलेली कमाल मर्यादा, वापर नव्हे. तो सतत पूर्ण खेचला तर दिवसाला 24 लाख युनिट होतील, पण प्रत्यक्षात तो सहसा तेवढा खेचला जात नाही. रॅकला, म्हणजे सर्व्हर रचलेल्या कपाटाला, ए आणि बी असे दोन फीड (वीजपुरवठ्याच्या लाइनी) असतात. दोन्हींवर 32 अँपिअरचा ब्रेकर असला, तरी 64 अँपिअर वापरायचे नसतात. ए गेला की सगळा भार बीवर पडतो, आणि तोही ट्रिप झाला की रॅक बसला. म्हणून दोन्हींची बेरीज एका ब्रेकरच्या 80 टक्क्यांत ठेवायची. प्रत्येकावर जेमतेम 13 अँपिअर. त्यात सर्व्हरच्या नेमप्लेटवरचे (कंपनीने पाटीवर छापलेले कमाल) वॉट मीटरवर क्वचितच दिसतात. नेमप्लेट बघून रॅक भरले की अर्धा हॉल मोकळा असताना ‘क्षमता संपली’ म्हणत नवा भार मागितला जातो. ओरडायचं तर याबद्दल ओरडा. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

लाइट का जाते? मोठी सेंटर्स उच्चदाबाच्या वेगळ्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) असतात. आपल्या गल्लीत अंधार होतो तो बहुतेकदा खोदाईत तुटलेल्या केबलमुळे किंवा तारांवर पडलेल्या फांदीमुळे. गुरुवारची बत्ती तर देखभालीसाठीच जाते, तिचं खापर सर्व्हरवर कशाला? उपकेंद्रावरच्या एकूण ताणाचा प्रश्न मात्र रास्त आहे.

एसीचा मुद्दा जुना झाला. डेटा सेंटर्सचा अभ्यास करणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटच्या 2007 च्या पाहणीत सर्व्हरच्या 1 युनिटमागे एकूण 2.5 युनिट लागत. 2024 मध्ये सरासरी 1.56. म्हणजे कूलिंग, यूपीएसमधली घट, दिवे सगळं धरून एकूण विजेच्या साधारण 36 टक्के. सर्व्हरला 27 अंशांपर्यंतची हवा चालते, तरी भीतीपोटी हॉलचा फ्रीज करणारे अजून भेटतात. रॅकमधल्या रिकाम्या खणांना ब्लँकिंग पॅनेल (गरम हवा पुढे येऊ न देणारी झाकणं) लावा म्हटलं की तेवढं मात्र राहून जातं.

रात्रीचा मुद्दा अर्धा खरा. आपली रात्र म्हणजे अमेरिकेतली ऑफिसची वेळ, शिवाय बॅकअप तेव्हाच चालतात. पण गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्येच लिहिलं होतं, की सर्व्हर बहुतेक वेळ 10 ते 50 टक्के भारावर चालतात आणि रिकामा सर्व्हरसुद्धा कमाल विजेच्या निम्मी खातो. तेव्हापासून यंत्रं सुधारली. कोणाचे आहेत हेच माहीत नसलेले सर्व्हर मात्र अजून चालूच असतात.

पाणी: कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा 2023 चा अंदाज होता जीपीटी-3 या एआय मॉडेलच्या 10 ते 50 उत्तरांमागे अर्धा लिटर, तोही वीजकेंद्रातलं पाणी धरून. ‘प्रत्येक प्रश्न’ हा मेसेज लिहिणाऱ्याचा शोध.